पांगाऱ्याच्या गावचा कौल

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये सुनेत्राकाकूंना एकटं सोडलं तर कोपऱ्यावरच्या इंडियन ग्रोसरीपर्यंतसुद्धा त्या धड पोचणार नाहीत. घरं सगळी एका साच्यातली, रस्ते वळून वळून पुन्हा तिथेच आणून सोडणारे, आणि कुणाला विचारावं म्हटलं तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. पण त्यांना चीनमधल्या च्वानजोऊ शहराच्या जुन्या पेठेत नेऊन उभं करा, काकू पदर खोचतील आणि चालू लागतील. पश्चिमेच्या रस्त्याने सरळ जायचं, दोन दगडी मनोरे दिसले की उजव्या हाताला मोठं देऊळ. तिथून खाली दक्षिणेकडे वळलं की जुनी दगडी मशीद, तिच्या शेजारीच युद्धदेवाचं देऊळ, आणि आणखी खाली समुद्राच्या देवीचं. "चुकायला जागाच नाही," असं काकू ठासून सांगतात.

चीनला त्या कधी गेलेल्या नाहीत. त्यांचा चीनशी संबंध आला तो अळवामुळे.

काकू मूळच्या कुडाळकडच्या. यजमान उल्हासकाका जिल्हा परिषदेतून रिटायर झाले आणि दोघं मुलाकडे, देवांगकडे, नॉर्थ कॅरोलिनात राहायला आली. काकांनी आल्या आल्या सोफ्याचा एक कोपरा आणि मराठी बातम्यांचं चॅनल ताब्यात घेतलं. काकूंनी मागचं अंगण घेतलं आणि कुंपणाच्या कडेने अळू लावलं. उन्हाळ्यात अळू असं माजलं की पानं कुंपणापलीकडे डोकावायला लागली. एक दिवस काकू फतफत्यासाठी पानं खुडताहेत, तर पलीकडून एक बुटकीशी, म्हातारी चिनी बाई हात हलवून हलवून "नो, नो!" म्हणतेय. अंबाड्यात तिने टपोरं गुलाबी फूल खोवलं होतं. काकूंना वाटलं, पानं तिच्या बाजूला गेली म्हणून भांडायला आली. पण तिने जमिनीकडे बोट दाखवलं, मूठ वळून कंदाचा आकार केला आणि खाण्याची खूण केली. पानं कसली खातेस वेडे, खायचं ते खाली आहे, असं तिचं म्हणणं.

काकूंनी दुसऱ्या दिवशी तिला वाटीभर फतफतं नेऊन दिलं. तिने शरदात वाफवलेले कंद आणून दिले. तेव्हापासून करार झाला: वरचं काकूंचं, खालचं लिनताईंचं.

"फाळणी म्हणतात ती हीच," उल्हासकाका सोफ्यावरून म्हणाले.

"अहो, डोक्यात फूल माळते ती. फूल माळणारी बाई वाईट असू शकत नाही," काकूंनी निकाल देऊन टाकला.

लिनताई शेजारच्या केविनची आई. वय काकूंपेक्षा दहाएक वर्षांनी जास्त. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. दोघी बोलायच्या कशा, हे कॉलनीला कोडं होतं. लिनताईंचं इंग्रजी काकूंच्या इंग्रजीइतकंच, म्हणजे दोघींचं मिळून एक वाक्य व्हायचं. उरलेलं हातवाऱ्यांनी आणि फोनमधल्या भाषांतर करणाऱ्या बाईकडून. ती बाई कधी कधी भलतंच बोलायची, मग काकू फोनलाच दटावायच्या, "गप गं मेले, तुला नाही विचारलं." आपण इथे सगळं सरळ मराठीतच घेऊ. त्यात एक गंमत होती. लिनताईंना 'सुनेत्रा' पूर्ण म्हणता येईना, त्या "सुने!" अशी हाक मारायच्या. काकू म्हणायच्या, सासूबाई गेल्या आणि चिनी अवतार घेऊन आल्या.

लिनताई गावात असताना कळसूत्री बाहुल्यांचे कपडे शिवायच्या. च्वानजोऊच्या बाहुल्या नामांकित. एकेका बाहुलीला इतक्या दोऱ्या की ती घोट घेते, पंखा हलवते, रुसून पाठ फिरवते. काकूंनी लगेच सांगितलं की आमच्या कुडाळजवळ पिंगुळीलाही कळसूत्री बाहुल्या आहेत. लिनताईंनी विचारलं, "रुसतात का?" काकू म्हणाल्या, "आमच्याकडे ते काम माणसं करतात."

मग रोज दुपारी काकूंच्या डेकवर चहा आणि च्वानजोऊ. फोनवर गावाचे फोटो उघडायचे आणि बोटांनी मोठे-लहान करत पेठ फिरायची. पहिल्याच आठवड्यात लिनताईंनी एक झाड दाखवलं. पान एक नाही, नुसती लालभडक फुलं. त्यांच्या गावाच्या तटाभोवती कोण्या राजाने ही झाडं लावली, आणि लांबलांबचे खलाशी त्या शहराला या झाडाच्या नावानेच ओळखायचे.

"अगो बाई, हा तर पांगारा!" काकू ओरडल्या. "आमच्या कुंपणाला असतो. त्यावर मिरीचा वेल चढवतात."

"मिरी!" लिनताईंनी मांडीवर थाप मारली. "आमच्या बंदरात मिरी जहाजं भरभरून यायची."

झालं. काकूंच्या मनाने घेतलं की आपल्या परसातली मिरी शेकडो वर्षांपूर्वी या बाईच्या गल्लीत पोचली होती. काका म्हणाले, "पावती आहे का?" पण काकूंनी लक्ष दिलं नाही.

त्या जुन्या पेठेचा आकार म्हणे माशासारखा. आणि शेजारचा मुलूख जाळ्यासारखा. जाळं टाकून हे लोक आपला मासा धरतील या भीतीने गावाने दोन उंच मनोरे बांधले, जाळं वरच्यावर अडकावं म्हणून. ही गोष्ट काकूंना फार आवडली. घरांच्या भिंतीही त्यांना आवडल्या. भूकंपात पडलेल्या घरांचे दगड आणि विटा टाकून न देता जसे हाताला लागले तसे रचून पुन्हा भिंती उभ्या केलेल्या, लाल वीट, करडा दगड, पुन्हा वीट. "ही तर गोधडी," काकू म्हणाल्या, "फक्त दगडाची."

पण खरा दिवस उगवला तो त्या खांबाच्या फोटोचा. मोठ्या देवळाच्या मागच्या बाजूला दोन कोरीव खांब. लिनताईंनी सहज दाखवले आणि पुढचा फोटो उघडायला लागल्या. काकूंनी त्यांचा हात धरला. फोटो मोठा केला. खांबावरच्या वर्तुळात एक गुटगुटीत पोर, त्याच्यामागे उखळ, दोन्ही बाजूंना झाडं.

"कृष्ण," काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. "यशोदेने उखळाला बांधलेला. लिनताई, हा आमचा कृष्ण आहे गो."

त्यांनी डेकवरच्या डेकवर चपला काढल्या, आत जाऊन निरांजन लावून आणलं आणि फोनला ओवाळलं. लिनताईही उभ्या राहिल्या, हात जोडून. मग त्यांनी सांगितलं ते असं: सातशेएक वर्षांपूर्वी दक्षिण हिंदुस्थानातले व्यापारी त्यांच्या गावात राहायचे. त्यांनी देऊळ बांधलं होतं. ते पुढे पडलं. गावाने त्याचे खांब आणि दगड उचलून आपल्या देवळांत बसवले. लहानपणी त्या स्वतः याच खांबाला पाठ टेकून शेंगदाणे खात बसायच्या.

"आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं हा कोण?"

"खोडकर मुलगा आहे, एवढं दिसत होतं," लिनताई म्हणाल्या. "तेवढं पुरे होतं."

काकूंना वाटलं, बरोबर आहे. देवालाही तेवढं पुरलं असेल.

सप्टेंबरात बातमी आली. केविनला सिअ‍ॅटलला नवी नोकरी लागली. घर विकायचं, आईला बरोबर न्यायचं. च्वानजोऊला लिनताईंची धाकटी बहीण अजून त्याच गल्लीत राहते, जुनं घर आहे, पण तिकडचं नाव काढलं की केविन कपाळाला हात लावायचा. "मॉम, या वयात? तिथे तुला कोण बघणार?" तरी मुलगा गुणी. एवढं म्हणाला की तुझं मन होऊ दे, तू हो म्हणालीस की मगच मी विक्रीचा बोर्ड लावतो, तोपर्यंत घराला रंग देऊन ठेवतो.

काकू त्या दिवशी भाताला मीठ घालायला विसरल्या. अमेरिकेत येऊन त्यांना बाकी सगळं मिळालं होतं, नळाला चोवीस तास पाणी, मुलगा, सून, वाशिंग्टनला जाऊन आल्याचे फोटो. पण दुपारी हाक मारावी असं माणूस एकच मिळालं होतं.

रंगारी येणार म्हणून लिनताईंनी आपले देव काकूंकडे ठेवायला आणले. करुणेची देवी, समुद्राची देवी, आणि लाकडाचे दोन लाल तुकडे. काकूंनी देवघरात गणपतीला जरा सरकवून जागा केली.

"व्हिसा बघितलास का त्यांचा?" काका म्हणाले.

"तुमचा बघितला होता तेवढाच," काकू म्हणाल्या.

ते लाल तुकडे दिसायला थेट काजूगरासारखे, फक्त हाताएवढे. एक बाजू सपाट, एक फुगीर. लिनताईंनी समजावून सांगितलं. हातात धरायचे, देवाला प्रश्न विचारायचा आणि जमिनीवर टाकायचे. एक सपाट वर आणि एक फुगीर वर पडला तर देव हो म्हणाला. दोन्ही फुगीर वर, तर नाही म्हणाला. आणि दोन्ही सपाट वर पडले तर?

"तर देव हसला."

"हसला म्हणजे?"

"हसला म्हणजे हसला. पुन्हा विचारायचं."

काकूंना हे नवं नव्हतं, त्यांच्या गावी रवळनाथाला कौल लावतातच. ओल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवायच्या, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. "पण आमचा देव हसत नाही हो," त्या म्हणाल्या. "गंभीर असतो."

मधल्या काळात दसरा आला. आता दसऱ्याला आपल्यात कामाच्या वस्तूंची पूजा करतात, आणि काकू या बाबतीत कुणाला वगळत नाहीत. देवांगचा लॅपटॉप, सुनेची म्हणजे आरोहीची गाडी, मिक्सर, काकांचा रिमोट, सगळ्यांना हळदकुंकू आणि अक्षता. आपट्याऐवजी दारच्या रेडबड नावाच्या झाडाची पानं, ऑक्टोबरात पिवळीधमक झालेली, म्हणजे आपट्यापेक्षाही जास्त सोनं. गेल्या वर्षी एकच गडबड झाली होती. अक्षता कार्पेटवर सांडल्या आणि आरोहीचा तो आपला आपण फिरणारा केर काढायचा यंत्रबुवा तांदूळ गिळून आडवा झाला. आरोही यंत्राला मांडीवर घेऊन बसली होती, ते काकूंच्या मनाला लागलं. म्हणून यंदा त्यांनी तांदळाच्या पिठीची दाट खळ शिजवली, त्यात हळद घातली आणि अक्षता अशा चिकटवल्या की वादळातही हलू नयेत.

देवघरातले लाल काजूगर दिसल्यावर त्यांच्या मनात आलं, हे तर देवाचं हत्यार, याची पूजा नको? सपाट बाजू जमिनीला टेकते, तिला नको, म्हणून दोघांच्या फुगीर पाठींवर खळीचा जाड थर दिला, वर ओंजळभर अक्षता दाबून बसवल्या, आणि कुंकू. दिसायला इतकं सुरेख दिसलं की दुसऱ्या दिवशी लिनताई आल्या त्या बघतच राहिल्या. कुणीतरी आपल्या देवाच्या वस्तूचा एवढा मान केला, यानेच त्यांचे डोळे भरले. "असंच राहू दे," म्हणाल्या.

आणि म्हणाल्या, "सुने, आज विचारते."

गुडघे टेकले. ओठांतल्या ओठांत काही पुटपुटल्या. टाकले. दोन्ही सपाट वर.

"हसला," काकू म्हणाल्या. खरं तर ओरडल्याच.

पुन्हा टाकले. हसला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही हसला. आठवडाभर रोज दुपारी लिनताई यायच्या, विचारायच्या, देव हसायचा, मग दोघी चहा प्यायच्या. केविनचे रंगारी काम संपवून गेले. बोर्ड काही लागेना. तो रोज संध्याकाळी कुंपणावरून विचारायचा, "आंटी, एनी आन्सर?" काकू म्हणायच्या, "स्टिल लाफिंग." आणि आत येऊन सगळ्या देवांना मनापासून नमस्कार करायच्या. आयुष्यात पहिल्यांदा देव आपल्या बाजूने इतका उघडपणे उभा राहिला होता.

एके सकाळी देवघर पुसताना त्यांनी एक काजूगर टेबलावर ठेवला, कडेवर उभा. त्याने जरा अंग हलवलं आणि पाठीवर लोळला. सपाट बाजू वर. काकूंनी पुन्हा कडेवर ठेवला, जरा पालथ्या बाजूला कलता करून. तो पुन्हा वळला. दुसरा ठेवला, तोही तसाच. जत्रेत मिळते ती डुलणारी बाहुली, कशीही पाडा, उभीच राहते, तसं. खळीने पाठ जड झालेली.

काकूंनी खळीच्या थरावर नख वाजवलं. "अगो बाई!"

"काय झालं?" काका.

"अहो, देव हसत नव्हता. माझी खळ हसत होती."

काकांनी येऊन काजूगर उचलला, हातात तोलला, टाकून पाहिला. मग इतके हसले की चष्मा काढावा लागला. "सुनेत्रा, देवाला लाच देणारे पाहिले. देवाला खळ लावून बसवणारी तू पहिली."

"मुद्दाम नाही हो केलं!"

"मग बोलू नकोस. कुणाला कळतंय? त्या राहतील इथेच."

तोच तर घोळ होता. गप्प बसलं की लिनताई इथेच राहणार. बोललं की बोर्ड लागणार. काकू देवघरासमोर बसल्या. गणपती गप्प. चिनी देव्या गप्प. काकूंचे वडील म्हणायचे, भांडणात हात घाल, व्यवहारात हात घाल, कौलात हात घालू नये. गावात एकदा गुरवाने कुणाच्या तरी सांगण्यावरून पाकळी मुद्दाम सैल चिकटवली होती. त्याचं काही वाईट झालं नाही, पण पुढे त्याच्या कौलावर कुणी विश्वास ठेवला नाही, आणि देव तर तोच होता.

दुपारी लिनताई आल्या. काकूंनी चहासुद्धा न टाकता काजूगर त्यांच्यापुढे ठेवला, कडेवर उभा केला आणि तो कसा पाठीवर लोळतो ते दाखवलं. मग खळीकडे बोट, मग स्वतःकडे बोट, मग दोन्ही कान धरले. यात फोनवाल्या बाईची गरज पडली नाही.

लिनताई आधी काजूगराकडे बघत राहिल्या. मग काकूंकडे. मग हसायला लागल्या त्या थांबेचनात. अंबाड्यातलं फूल निसटून पडलं. "एवढे दिवस!" म्हणाल्या, "मला वाटलं, देवाला माझ्यात एवढं काय गमतीचं दिसतंय!"

दोघींनी मिळून सिंकमध्ये कोमट पाण्यात काजूगर भिजवले. खळ चिवट, जुन्या टूथब्रशने घासावी लागली. काकू घासत होत्या आणि मनात म्हणत होत्या, देवा, आता तुझं तू बघ, मी हात काढला. लाल लाकूड पुन्हा स्वच्छ झालं. पुसून, वाळवून लिनताईंनी ते कपाळाला लावले, गुडघे टेकले, पुटपुटल्या आणि टाकले.

दोन्ही सपाट वर.

काकूंनी वाकून पाहिलं. खळीचा कण नव्हता. लिनताईंनी पुन्हा टाकले. पुन्हा सपाट.

काकूही शेजारी जमिनीवर टेकल्या. मग लिनताई म्हणाल्या, "माझी आई म्हणायची, देव दोन वेळा हसतो. एक, प्रश्न नीट विचारला नाही म्हणून. आणि दुसरं, उत्तर तुझ्याच तोंडात घोळतंय आणि मला विचारतेस म्हणून."

"तुम्ही विचारता तरी काय?"

"केविनबरोबर सिअ‍ॅटलला जाऊ का?"

"आणि गावाचं? गावी जाऊ का, हे कधी विचारलंत?"

लिनताईंनी मान हलवली. नाही.

"का नाही?"

"नाही म्हणाला असता तर?"

काकूंना वाटलं, विषय इथेच सोडावा. पण हात काढला म्हटलं की काढला. त्यांनी काजूगर उचलून लिनताईंच्या हातात दिले. "विचारा आता."

लिनताईंनी ते हातात घेतले, अंगठ्याने पुसले, आणि न टाकता परत काकूंच्या ओंजळीत ठेवले. "आता कशाला विचारू?" म्हणाल्या.

केविनने खूप वाद घातला. कुंपणाशी उभं राहून तो काकूंनाच सांगायला लागला, "आंटी, टेल हर, इट्स क्रेझी." काकू म्हणाल्या, "अरे, तुझ्या आईचा देव हसतोय, तू का रडतोस? बहीण आहे, घर आहे, तू विमानाने जात जा." हे अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. त्याला किती कळलं देव जाणे, पण घरात जाऊन तो बराच वेळ आईशेजारी बसून राहिला, हे काकूंनी खिडकीतून पाहिलं. बघू नये ते, पण पाहिलं.

जायच्या दिवशी काकूंनी लिनताईंची ओटी भरायला घेतली. कुडाळला असत्या तर यजमान नाहीत म्हणून कुणीतरी कुजबुजलं असतं. काकूंनी देवघराकडे पाहिलं, कुणी हरकत घेतली नाही, त्यांनी भरली. खण, नारळ आणि तांदूळ.

"तांदूळ विमानतळावर काढून घेतील," काका म्हणाले.

"मग चार दाणेच घालते. देवाला मोजता येतात."

लिनताईंनी दोन्ही देव्या कापडात गुंडाळून घेतल्या, पण काजूगर काकूंकडेच ठेवले. त्यांच्या गावी प्रत्येक देवळात ते टोपलीभर असतात म्हणे. दारात त्या "बाय" म्हणायला लागल्या तशी काकूंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला आणि शिकवलं: आमच्यात 'जाते' म्हणत नाहीत. 'येते' म्हणतात. लिनताईंनी गाडीत बसेपर्यंत ते घोकलं. "येते. येते. येते."

बोर्ड लागला, घर विकलं गेलं. पलीकडे आता दुसऱ्या राज्यातून आलेलं एक तरुण जोडपं राहतं, भलं आहे, अळू खात नाही.

जानेवारीत एका सकाळी व्हिडिओ कॉल आला. लिनताई मोठ्या देवळाच्या मागे उभ्या. अंबाड्यात फूल. मागे उदबत्त्यांचा धूर, बायकांची वर्दळ. त्यांनी फोन खांबाशी नेला, अगदी उखळाजवळ.

"चपला काढल्यात का?" काकू इकडून ओरडल्या. तिकडच्या दोन बायका दचकून मागे वळल्या. लिनताईंनी फोन खाली केला. मोजे दिसले. काकूंनी समाधानाने निरांजन ओवाळलं. मग लिनताईंनी रस्त्यावर येऊन एक झाड दाखवलं. एक पान नाही, फांद्यांच्या टोकाला कळ्या.

"फुलायला आलंय. सुने, कधी येतेस?"

"बघू," काकू म्हणाल्या. "देवांगची सुट्टी. ह्यांचे गुडघे. आणि एवढ्या लांब, मला इथला रस्ता कळत नाही..."

फोन ठेवल्यावर त्या देवघरासमोर जरा बसून राहिल्या. मग काजूगर काढले. कोरडे, स्वच्छ, लाल. कपाळाला लावले आणि टाकले.

"काय म्हणतो तुझा देव?" सोफ्यावरून काकांनी विचारलं.

"हसतोय."

"म्हणजे काय करायचं?"

काकूंनी काजूगर उचलले, पदराने पुसले आणि गणपतीशेजारी नीट ठेवले.

"म्हणजे तुमचा पासपोर्ट कुठे ठेवलाय तो शोधा," त्या म्हणाल्या.